झाकण नसलेला संगणक

घरातला, टेबलावर मावणारा संगणक कुणी शोधून काढला, असा प्रश्न वर्गात आला तर उत्तर देणं अवघड जातं. विजेचा दिवा म्हटलं की एडिसन, टेलिफोन म्हटलं की बेल, ही नावं निदान पाठ्यपुस्तकांत तरी ठरलेली असतात. घरगुती संगणकाच्या बाबतीत असं एक नाव सांगता येत नाही. सांगता येते ती एक जागा आणि एक सवय. जागा म्हणजे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला असलेल्या मेन्लो पार्क गावातलं एक गॅरेज. आणि सवय म्हणजे, घरी जोडलेलं यंत्र, मग ते अर्धवट का असेना, जाणकारांपुढे मांडायचं, ते कसं चालतं ते सांगायचं आणि त्याची आकृती मागेल त्याला देऊन टाकायची.

या सवयीतून एक मोठा उद्योग उभा राहिला. गंमत अशी, की उद्योग जसजसा वाढत गेला तसतशी ती सवय मागे पडत गेली. असं का झालं, हे शिक्षकांनी समजून घेण्यासारखं आहे.

संगणक कुणाचा?

1970 च्या सुमाराला संगणक मोठ्या कंपन्यांकडे, विद्यापीठांत आणि लष्कराकडे असत. वातानुकूलित खोलीत ठेवलेलं ते यंत्र वापरणाऱ्याच्या नजरेलाही सहसा पडत नसे. आज्ञावली कार्डांवर छिद्रं पाडून तयार करायची, तो गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि उत्तरासाठी काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी यायचं, अशी रीत होती. लहान आणि स्वस्त म्हणून गाजलेला पीडीपी-8 हा संगणकसुद्धा 1965 साली बाजारात आला तेव्हा 18,000 डॉलरला होता. म्हणजे संगणकावर काम करून पोट भरणाऱ्या इंजिनिअरलाही स्वतःचा संगणक घेणं परवडणारं नव्हतं.

1971 साली इंटेल कंपनीनं 4004 हा मायक्रोप्रोसेसर विकायला काढला. संगणकाचा गणित करणारा आणि हुकूम पाळणारा भाग, सुमारे 2,300 ट्रान्झिस्टर, सिलिकॉनच्या एका चिमुकल्या तुकड्यावर बसवलेला होता. तो मुळात एका जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी बनवला होता. 1972 मध्ये 8008 आणि 1974 मध्ये 8080 हे त्याचे अधिक ताकदवान भाऊ आले. हे तुकडे यंत्रं नियंत्रित करायला उपयोगी पडतील, असा कारखानदारांचा अंदाज होता. त्यात घरी ठेवायचा संगणक दिसला तो हौशी मंडळींना.

ही हौशी मंडळी कोण होती? अमेरिकेत घरी रेडिओ जोडण्याची जुनी परंपरा होती. मासिकात आकृती छापून यायची, लोक सुटे भाग मागवायचे आणि रात्री जागून डाग द्यायचे. ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकात सप्टेंबर 1973 मध्ये डॉन लँकेस्टर यांनी टीव्हीच्या पडद्यावर अक्षरं उमटवणाऱ्या जोडणीची माहिती दिली. जुलै 1974 मध्ये त्याच मासिकात जोनाथन टायटस यांनी 8008 वापरून घरी करता येईल असा ‘मार्क-8’ हा संगणक मांडला. त्यात मिळायची ती योजना. भाग आपले आपण जमवायचे.

मग जानेवारी 1975 च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर 8800’ झळकला. अल्टेअर म्हणजे आपला श्रवणाचा तारा. न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात एड रॉबर्ट्स यांची एमआयटीएस नावाची छोटी, कर्जात बुडालेली कंपनी होती. तिनं सगळे भाग एका खोक्यात घालून 397 डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या दरानं सुमारे सव्वातीन हजार रुपयांना, देऊ केले. मुखपृष्ठावरचं यंत्र मात्र आतून पोकळ होतं. खरा नमुना मासिकाकडे पाठवताना वाटेत हरवला होता! रॉबर्ट्स यांना काही शे मागण्यांची अपेक्षा होती. आल्या हजारो.

खोकं घेणाऱ्याला मिळायचं काय? कीबोर्ड नाही, पडदा नाही. समोरच्या पट्टीवर खटके आणि लाल दिवे. खटका वर म्हणजे 1, खाली म्हणजे 0. आठ खटके लावून एक संख्या तयार करायची आणि आणखी एक खटका दाबून ती स्मृतीत टाकायची. मग पुढची संख्या. स्मृती होती 256 बाइटची. इंग्रजी अक्षरांत मोजलं तर तीन-चार ओळींची. आणि वीज गेली की तीही कोरी. एवढं करून उत्तर मिळायचं ते दिव्यांच्या उघडझापीतून.

गॅरेजातली बैठक

असं यंत्र जोडताना माणूस अडणारच. एखादा डाग कच्चा राहतो, एखादा भाग उलटा बसतो, आणि विचारायला शेजारी कुणी नसतं. ही अडचण ओळखून फ्रेड मूर आणि गॉर्डन फ्रेंच या दोघांनी एक पत्रक काढलं आणि स्वतःचा संगणक किंवा त्याचा एखादा भाग जोडणाऱ्यांना एकत्र यायचं आमंत्रण दिलं. मूर हे युद्धविरोधी कार्यकर्ते होते. 1959 साली विद्यापीठातल्या सक्तीच्या लष्करी शिक्षणाविरुद्ध त्यांनी उपोषण केलं होतं. फ्रेंच हे इंजिनिअर होते.

5 मार्च 1975 रोजी फ्रेंच यांच्या गॅरेजात तीसेक माणसं जमली. नुकताच आलेला एक अल्टेअर तिथे पाहायला ठेवला होता. जमलेल्यांतल्या काहींनी आपापल्या परीनं काही ना काही जोडलेलं होतं, बाकीच्यांना जोडायचं होतं. कुणाकडे काय आहे आणि कुणाला काय हवं आहे, याची चर्चा झाली. पुढे या मंडळाला ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ असं नाव पडलं. होमब्रू म्हणजे घरी गाळलेली दारू. घरी केलेल्या कशालाही तिकडे तो शब्द लावतात.

माणसं वाढत गेली तशी बैठक एका शाळेत आणि नंतर स्टॅनफर्डच्या रेखीय त्वरक केंद्राच्या, म्हणजे अणूच्या अंतरंगाचा अभ्यास करणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळेच्या, सभागृहात भरू लागली. दर पंधरा दिवसांनी शेकडो लोक येत. ली फेल्सेनस्टाइन हे इंजिनिअर हातात काठी घेऊन सूत्रं सांभाळत. त्यांनी बैठकीचे भाग पाडले होते. पहिल्या भागात ज्याला बोलायचं असेल त्यानं उभं राहून थोडक्यात सांगायचं: माझ्याकडे हे आहे, मी असं करतो आहे, मला अमुक हवं आहे. दुसऱ्या भागात सगळ्यांनी उठायचं आणि ज्याच्याशी बोलावंसं वाटलं त्याला गाठायचं. या भागाला त्यांनी ‘रँडम अॅक्सेस’ असं नाव दिलं होतं. संगणकाच्या स्मृतीत क्रमानं न जाता हव्या त्या जागी थेट पोचता येतं, त्यावरची ही कोटी.

बैठकीच्या या घडणीकडे जरा लक्ष द्यायला हवं. इथे व्याख्याता आणि श्रोते असे दोन गट नव्हते. ज्याला एका गोष्टीतलं कळत होतं तो दुसऱ्या गोष्टीत अडलेला होता. बड्या कंपनीतला इंजिनिअर आणि पंधरा-सोळा वर्षांचा शाळकरी मुलगा एकाच टेबलाभोवती उभे असत.

रेडिओवरचं गाणं

एप्रिल 1975 ची बैठक शाळेत भरली होती. स्टीव्ह डॉम्पियर हा तरुण आपला अल्टेअर घेऊन आला. सोबत एक साधा रेडिओ होता. तो त्यानं संगणकाशेजारी ठेवला आणि एकेक खटका वर-खाली करत आज्ञावली भरायला घेतली. काम जवळजवळ संपत आलं असताना कुणाच्या तरी पायानं वायर ओढली गेली. स्मृती कोरी! त्यानं पुन्हा पहिल्यापासून सगळे आकडे भरले. मग रेडिओतून बीटल्सच्या एका गाण्याची चाल ऐकू आली. ती संपल्यावर ‘डेझी’ या जुन्या गाण्याची चाल सुरू झाली. 1961 साली बेल प्रयोगशाळेत एका प्रचंड संगणकाकडून हेच गाणं म्हणवून घेतलं होतं, हे सभागृहातल्या जाणत्यांना ठाऊक होतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

अल्टेअरला ना स्पीकर होता, ना रेडिओला जोडणारी तार. मग आवाज आला कुठून? संगणक चालतो तेव्हा त्याच्या तारांतून वाहणारी वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होते. त्यामुळे क्षीण रेडिओ लहरी बाहेर पडतात आणि जवळच्या रेडिओत खरखर ऐकू येते. डॉम्पियरला ही गोष्ट अपघातानंच कळली होती. यंत्र चालू असताना शेजारी रेडिओ लागलेला होता आणि आज्ञावलीबरोबर त्यातली खरखर बदलत होती. त्यानं विचार केला, ही खरखर आपल्या ताब्यात आणता आली तर?

हिशेब सोपा आहे. अल्टेअरच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला 20 लाख पडत. एखाद्या आज्ञासमूहाची फेरी 4,545 ठोक्यांत पुरी होत असेल, तर सेकंदाला सुमारे 440 फेऱ्या होतील आणि रेडिओतून 440 हर्ट्झचा स्वर येईल. फेरी आखूड केली की स्वर चढेल, लांबवली की उतरेल. म्हणजे गाण्याची चाल ही आकड्यांची एक यादी होते. यातला पहिला भाग वर्गात करून पाहण्यासारखा आहे. मीडियम वेव्ह लागणारा रेडिओ दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागेवर ठेवा आणि मोबाइलच्या चार्जरजवळ किंवा एलईडी दिव्याजवळ न्या. बहुतेक वेळा खरखर वाढलेली ऐकू येते.

डॉम्पियरनं ही युक्ती लपवून ठेवली नाही. ‘पीपल्स कॉम्प्युटर कंपनी’ या मेन्लो पार्कच्याच संस्थेच्या वार्तापत्रात त्यानं ती लिहून काढली. ज्याच्याकडे अल्टेअर होता त्याला घरी ते गाणं वाजवता येऊ लागलं.

वॉझनियाकचा फलक

गॅरेजातल्या पहिल्या बैठकीला स्टीव्ह वॉझनियाक हा ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत कॅल्क्युलेटरवर काम करणारा तरुण इंजिनिअर आला होता. तिथे एका मायक्रोप्रोसेसरचं माहितीपत्रक हातोहात फिरत होतं. ते त्यानं घरी नेऊन वाचलं आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण शाळेत असल्यापासून कागदावर ज्या संगणकांचे आराखडे काढत होतो, तसा संगणक आता प्रत्यक्ष करता येईल.

अडचण पैशांची होती. इंटेलच्या 8080 ची सुरुवातीची छापील किंमत 360 डॉलर होती. सप्टेंबर 1975 मध्ये मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीनं 6502 हा मायक्रोप्रोसेसर 25 डॉलरला आणला, आणि वॉझनियाकनं त्याच्याभोवती आपलं यंत्र बेतलं. खटके आणि दिवे त्यानं काढूनच टाकले. त्यांच्या जागी कीबोर्ड आणि घरचा टीव्ही. यंत्र सुरू करताच कीबोर्डवरची अक्षरं वाचणारी एक छोटी आज्ञावली त्यानं कायमस्वरूपी स्मृतीत बसवली. तिची लांबी होती 256 बाइट. अल्टेअरच्या खोक्यात स्मृतीच तेवढी मिळत असे!

वॉझनियाक लाजाळू होता. सभेत उभं राहून बोलणं त्याला जमत नसे. म्हणून तो आपला फलक आणि टीव्ही घेऊन यायचा, मुख्य सभा संपली की टेबलावर मांडायचा आणि जे जमतील त्यांच्याशी बोलायचा. आकृतीच्या प्रती त्यानं वाटल्या, कुणाला जोडायचं असेल तर मदत केली. रँडी विगिंटन आणि ख्रिस एस्पिनोसा ही शाळकरी मुलं त्याच्याभोवती असत. पुढे दोघंही अॅपल कंपनीच्या अगदी पहिल्या कर्मचाऱ्यांत होते.

आकृती फुकट मिळते, पण जोडायला सगळ्यांना वेळ कुठे असतो, हे त्याचा मित्र स्टीव्ह जॉब्स याच्या ध्यानात आलं. तयार फलक विकावेत, असं त्यानं सुचवलं. 1 एप्रिल 1976 रोजी अॅपल कंपनी स्थापन झाली. भांडवलासाठी जॉब्सनं आपली गाडी विकली आणि वॉझनियाकनं आपला कॅल्क्युलेटर. माउंटन व्ह्यू इथल्या ‘बाइट शॉप’ या दुकानाच्या पॉल टेरेल यांनी 50 फलक मागवले, पण अट घातली की ते जोडलेले हवेत. दुकानातली किंमत होती 666.66 डॉलर. पेटी, कीबोर्ड आणि वीजपुरवठा ज्यानं त्यानं आणायचा. एकूण सुमारे 200 अॅपल-1 तयार झाले.

असे उद्योग काढणारे आणखीही होते. बॉब मार्श यांनी अल्टेअरसाठी स्मृतीचे फलक करून विकले. अॅडम ऑस्बोर्न बैठकीला मायक्रोप्रोसेसरवरची आपली पुस्तकं विकायला यायचे. त्यांचं बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलईला गेलं होतं. 1981 साली त्यांनीच सुमारे 11 किलो वजनाचा, हातात उचलून नेता येणारा ‘ऑस्बोर्न 1’ बाजारात आणला.

कागदी फितीचं भांडण

यंत्राची आकृती वाटण्यात कुणाची तक्रार नव्हती. आकृती दिली तरी भाग विकत घ्यावेच लागत. आज्ञावलीचं तसं नव्हतं. तिची नक्कल केली की नक्कल मुळाइतकीच चालते. भांडण इथे झालं.

अल्टेअरवर बेसिक ही भाषा चालावी म्हणून बिल गेट्स आणि पॉल अॅलन यांनी 1975 मध्ये आज्ञावली लिहिली. ती छिद्रं पाडलेल्या कागदी फितीवर मिळायची. त्या वर्षीच्या जूनमध्ये पालो अल्टोला अल्टेअरचं प्रात्यक्षिक झालं, तिथून एक फीत नाहीशी झाली. होमब्रूच्या पुढच्या बैठकीत तिच्या डझनावारी प्रती वाटल्या गेल्या. एक प्रत नेणाऱ्यानं दोन करून आणायच्या, अशी अट होती.

गेट्स तेव्हा वीस वर्षांचे होते. फेब्रुवारी 1976 मध्ये त्यांनी हौशी मंडळींना उद्देशून खुलं पत्र लिहिलं. या कामासाठी वापरलेल्या संगणकवेळेचीच किंमत 40,000 डॉलरहून जास्त होती. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतलं आहे. मिळालेल्या मानधनाचा हिशेब केला तर तासाला दोन डॉलरसुद्धा पडत नाहीत. त्यांचा सवाल असा, की फुकटात चांगलं काम कोण करील?

हौशी मंडळींचंही म्हणणं होतं. अनेकांनी आगाऊ पैसे भरले होते आणि बेसिक हाती पडलं नव्हतं. शिवाय कंपनीचा स्मृतिफलक घेतला तर बेसिक स्वस्त आणि नुसतं घेतलं तर कितीतरी महाग, अशी योजना होती. पण त्यांचं खरं उत्तर दुसरंच होतं. ‘टायनी बेसिक’ नावाची छोटी भाषा कशी रचायची याची टिपणं छापून आली, लोकांनी ती आपापल्या यंत्रांवर लिहिली, आणि जानेवारी 1976 पासून ‘डॉक्टर डॉब्ज जर्नल’ या मासिकात ती छापली जाऊ लागली. ली-चेन वँग यांनी आपल्या आवृत्तीवर ‘कॉपीराइट’ऐवजी ‘कॉपीलेफ्ट’ असा शब्द घातला. टॉम पिटमन यांनी आपलं टायनी बेसिक पाच डॉलरला विकलं, आणि लोकांनी ते पैसे देऊन घेतलं. अॅपलनंही 1976 च्या जाहिरातीत आज्ञावली फुकट किंवा नाममात्र किमतीत देण्याचं धोरण सांगितलं होतं.

या भांडणात एक बाजू चोरांची आणि दुसरी लोभी माणसांची, असं म्हणून मोकळं होता येत नाही. शिकण्यासाठी दुसऱ्याचं काम उघडून पाहता यायला हवं, आणि ते काम करणाऱ्याचं पोटही भरायला हवं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या एकत्र कशा नांदवायच्या, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा उघडपणे विचारला गेला, आणि तो अजून मिटलेला नाही.

झाकण बसलं

एप्रिल 1977 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संगणक जत्रेत अॅपल-2 दाखवला गेला. त्याला सुबक प्लास्टिकची पेटी होती. पण झाकण हातानं उचलता येई. आत नवे फलक बसवायला आठ खाचा होत्या आणि 1978 च्या माहितीपुस्तिकेत यंत्राची पूर्ण आकृती छापलेली होती. पेटी आली तरी सवय टिकून होती. 1984 साली त्याच कंपनीनं मॅकिन्टॉश आणला. त्याचं झाकण उघडायला लांब दांड्याचा खास पान्हा लागे, कारण स्क्रू खोल बसवले होते आणि त्यांची डोकी नेहमीची नव्हती. नव्या खाचाही नव्हत्या. यंत्र वापरायला फार सोपं झालं. कधीच संगणक न पाहिलेला माणूस ते चालवू शकत होता, आणि हे लहानसहान काम नव्हे. पण ते आतून बघायचं नव्हतं. डिसेंबर 1986 मध्ये होमब्रू क्लबची शेवटची बैठक झाली.

झाकण बसल्यानं काय गमावलं, हे कळायला वीस वर्षं जावी लागली. 2000 नंतरच्या वर्षांत इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातल्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं, की संगणकशास्त्र शिकायला येणारी मुलं कमी होत आहेत, आणि जी येतात त्यांनी आधी स्वतः केलेलं फार थोडं असतं. त्यांच्या घरी आधीच्या पिढीपेक्षा कितीतरी ताकदवान यंत्रं होती. पण ती मोडायची भीती, उघडायची बंदी आणि आत हात घालायला जागा नाही. म्हणून त्यांनी 2012 साली ‘रास्पबेरी पाय’ हा 35 डॉलरचा संगणक आणला. पेटी नाही, कीबोर्ड नाही, नुसता फलक. टीव्ही आपला आपण जोडायचा. वॉझनियाकचा फलक पाहिलेल्याला तो लगेच ओळखू आला असता. त्याआधी 2005 मध्ये इटलीत विद्यार्थ्यांसाठी केलेल्या ‘आर्दुइनो’ या फलकाची तर आकृतीच सगळ्यांना खुली आहे.

आता आपल्याकडच्या विज्ञान प्रदर्शनांचा विचार करू. तिथे मुलं यंत्रं मांडतात, आणि ती सहसा पूर्ण, रंगवलेली, बंद असतात. परीक्षक येतात, मूल पाठ केलेली माहिती सांगतं, गुण मिळतात. होमब्रूच्या टेबलावर गुण नव्हते. समोरचा माणूस विचारायचा, हा भाग इथे का घातलास, आणि निम्म्या वेळा तोच एखादी दुरुस्ती सुचवून जायचा. डॉम्पियरची वायर निघाली तेव्हा कुणी त्याला नापास केलं नाही. लोक थांबले, आणि त्यानं आकडे पुन्हा भरले. पुढच्या प्रदर्शनात एखादं टेबल अर्धवट राहिलेल्या यंत्रांसाठी ठेवून पाहायला हरकत नाही. त्यावरचं झाकण मात्र काढून ठेवावं.